बांधावरची निळी फुलं: शंखपुष्पी की विष्णुक्रांत, आणि मुलाला द्यावी का?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आटपाडीच्या बाजूच्या. शेताच्या बांधावर, मुरमात, जमिनीलगत पसरणारं एक बारीक झुडूप आहे. सकाळी त्याला निळी फुलं येतात, दुपारी मिटतात. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, बाजरी करपली, पण हे झुडूप फुलत राहिलं. सासरे त्याला विष्णुक्रांत म्हणतात. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत तेच शंखपुष्पी म्हणून दाखवलं आणि स्मरणशक्तीसाठी रोज द्यायला सांगितलं. मुलगा दहावीला आहे, वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणतो. त्याला ते वाटून दुधातून द्यावं का, हा तुमचा पहिला प्रश्न. अर्धा एकर मुरमाड पडीक रान आहे, त्यात हेच लावलं तर विकलं जाईल का, हा दुसरा.

मी सत्तावीस वर्षं याच दुष्काळी पट्ट्यात वैद्यकी करतो. त्यातली पंधरा-सोळा वर्षं बारा गुंठ्यांत औषधी वनस्पती लावतोय, त्यांत ही दोन्ही झुडपं आहेत. म्हणून सांगतो, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका तिसऱ्या प्रश्नावर अडली आहेत: तुमच्या बांधावर नेमकं आहे काय? ते ठरल्याशिवाय मात्रा सांगणं म्हणजे डोळे बांधून औषध देणं. आणि मुलाचं विसरणं कशामुळे आहे, ते त्याला समोर बसवल्याशिवाय मला कळणार नाही. तेव्हा काही गोष्टी मी ठामपणे सांगेन आणि काही तुमच्यावर सोडेन.

आधी नावाचा गुंता सोडवू.

शंखपुष्पी हे नाव आपल्या देशात चार वेगवेगळ्या वनस्पतींना चिकटलं आहे. आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशात, ज्याला आयुर्वेदिक फार्माकोपिया म्हणतात, शंखपुष्पी म्हणून जी मान्य आहे तिचं शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरीकॉलिस. आता तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रॉस्ट्रेटस म्हणतात. नाव बदललं, झाड तेच. हिची फुलं पांढरी, कधी फिकट गुलाबी झाक असलेली. राजस्थान, गुजरात, पंजाबच्या कोरड्या रेताड जमिनीत ही भरपूर वाढते. दुसरी इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडीस, म्हणजे निळ्या फुलांची. हीच आपली विष्णुक्रांत. महाराष्ट्रात माळरानावर, डोंगरउतारावर, मुरमात ती जवळजवळ सगळीकडे सापडते. तिसरी आपल्या कुंपणावरची गोकर्ण. केरळात वैद्य शंखपुष्पी म्हणून तिचं मूळ वापरतात. चौथी बंगालकडे वापरली जाणारी कॅन्स्कोरा. पहिल्या दोघी रताळ्याच्या कुळातल्या, पण हिचा त्या कुळाशी काही संबंध नाही, ही किराइताच्या कुळातली.

असं का झालं, याचं कारण सोपं आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात चार मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धीला बळ देणारी औषधं, सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे ओलं मऊ वाटण. त्यांतही शंखपुष्पी विशेष मेध्य आहे असं वेगळं म्हटलं आहे. पण झाड दिसतं कसं, पान कसं, फूल किती मोठं, हे तिथे नाही. ज्याला हवं त्याने गुरूकडून रानात जाऊन ओळखायचं, ही त्या काळची रीत. पुढे ज्या प्रांतात जे शंखाच्या आकाराचं किंवा शंखासारखं पांढरं फूल मिळालं, ते शंखपुष्पी झालं. ब्राह्मीचंही असंच आहे. आपल्याकडे गोल पानाच्या मंडूकपर्णीला सर्रास ब्राह्मी म्हणतात आणि खरी जलब्राह्मी वेगळीच असते.

त्यामुळे तुमचे सासरे बरोबर आहेत. निळं फूल म्हणजे बहुधा विष्णुक्रांतच. व्हिडिओवालाही पूर्ण चूक नाही, कारण दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी विष्णुक्रांतच शंखपुष्पी म्हणून वापरतात. पण ‘बहुधा’ या शब्दावर मी कुणाला पोटात घ्यायचं औषध देत नाही. तुम्हीही देऊ नका.

आता ओळख कशी पटवायची. हे सकाळी नऊच्या आत करा, कारण दुपारी फूल मिटलं की निम्म्या खुणा जातात. एक साधं भिंग घ्या, मुलाच्या कंपासपेटीत असेल तर तेही चालेल.

पहिल्यांदा फुलाची ठेवण बघा. विष्णुक्रांतेचं फूल अर्धा-पाऊण सेंटिमीटरचं, निळं, मध्ये पांढरट, आणि उघडल्यावर बशीसारखं जवळजवळ सपाट. कॉन्व्हॉल्व्ह्युलसचं त्याहून मोठं, पांढरं आणि नरसाळ्यासारखं. मग फुलाच्या मधोमध भिंगातून बघा. पाच पुंकेसर दोन्हींत असतात. फरक स्त्रीकेसरात आहे. विष्णुक्रांतेत बुडापासूनच दोन धागे निघतात आणि प्रत्येकाला पुढे दोन फाटे फुटतात, म्हणजे टोकाला चार बारीक तंतू दिसतात. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये बुडातून एकच धागा येतो आणि त्याला टोकाशी दोन फाटे असतात. चार टोकं की दोन, एवढं मोजता आलं की या दोघींतला गोंधळ मिटला. रंग फसवतो. उन्हात फिकटलेलं निळं फूल पांढरं वाटू शकतं, पण तंतूंची संख्या बदलत नाही.

दोन्ही झुडपांच्या फांद्या आणि पानं रेशमी लवीने झाकलेली असतात, दोन्ही जमिनीवर चहूबाजूंनी पसरतात आणि दोन्ही कशाला वेटोळे घालत चढत नाहीत. ही शेवटची खूण फार कामाची. कारण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिसऱ्याच एका वेलीची: चांदवेल, जिला काही भागात हरणखुरी म्हणतात. गहू-हरभऱ्यात ती तण म्हणून येते. फुलं पांढरी-गुलाबी नरसाळ्यासारखी, नावानेही ती कॉन्व्हॉल्व्ह्युलसच, शंखपुष्पीची सख्खी नातलग. पण ती पिकाला पीळ घालत चढते आणि तिचं पान बाणाच्या टोकासारखं, देठाकडे दोन कान असलेलं. ती औषध म्हणून पोटात घ्यायची नाही. तिच्यात असलेल्या अल्कलॉइडमुळे जनावरांना, विशेषतः घोड्यांना, त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. वैद्यकीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून वाळलेल्या शंखपुष्पीचं पोतं घेतलं होतं. दिसायला चांगलं हिरवट, वासालाही ठीक. दळायला टाकायच्या आधी मूठभर काढून परातीत पाण्यात भिजवलं आणि पानं उलगडून बघितली, तर जवळजवळ तिसरा हिस्सा बाणाच्या आकाराच्या पानांचा. पोतं परत केलं. पण त्याआधी त्याच माणसाकडून घेतलेलं किती चूर्ण लोकांच्या पोटात गेलं असेल, हा विचार मला कितीतरी दिवस झोपू देत नव्हता. तेव्हापासून वाळलेला माल आला की आधी भिजवून पानं उलगडायची, हा माझ्याकडे नियम आहे. आणि तेव्हाच ठरवलं की शक्य तेवढं स्वतः लावायचं.

आणखी दोन फसव्या गोष्टी. शहरातल्या लॉनवर एक बारीक झुडूप पसरतं, पान नाण्यासारखं गोल, फूल पांढरं, आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटलेली. ते विष्णुक्रांतेच्याच प्रजातीतलं, पण अमेरिकेतून आलेलं तण आहे. दुसरं म्हणजे रोपवाटिकेत कुंडीत मिळणारं ठसठशीत निळ्या फुलांचं झाड, फूल रुपयाच्या नाण्याएवढं. ते ब्राझीलकडचं शोभेचं झाड. विष्णुक्रांत म्हणून किंवा शंखपुष्पी म्हणून ते विकलं जातं, आणि लोक भक्तिभावाने त्याची पानं खातात. बाल्कनीत लावा, सुंदर दिसतं. औषधाला नको.

रताळ्याचं कुळ एकंदर जपून हाताळायचं कुळ आहे. रताळं आपण उपासाला खातो, आणि त्याच कुळातलं निशोत्तर किंवा काळादाणा पोटात गेला तर जोरदार रेच होतो. ओढ्याकाठची बेशरम खाऊन शेळ्या-मेंढ्या आजारी पडतात, हे तुमच्याकडच्या धनगरांना वेगळं सांगायला नको. फूल सारखं दिसतं म्हणून गुण सारखा, असं या कुळात मुळीच धरून चालता येत नाही.

शंका राहिली तर फुलासकट, मुळासकट एक रोप वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, त्यांच्याकडे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. लागवड करून विकायचं मनात असेल तर असा ओळखीचा कागद हाताशी असलेला बराच.

आता ते दुष्काळात कसं तगतं, याकडे येतो. तुम्ही हे सहज लिहून गेलात, पण औषध आणि लागवड दोन्ही समजायला हाच धागा कामाचा आहे.

आटपाडी, माण, जत हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सगळा मिळेलच असं नाही. अशा जागी हे वीतभर झुडूप जमिनीवर जेवढं दिसतं त्याहून जास्त जमिनीखाली असतं. मी एकदा नांगरटीच्या वेळी एक जुनं रोप सावकाश उकरत गेलो. वर फांद्या दीड वीत, आणि सोटमूळ मुरमाच्या भेगांतून हातभर खाली जाऊनही संपत नव्हतं. मुळाचा वरचा भाग लाकडासारखा टणक झालेला असतो. चैत्र-वैशाखात वरच्या फांद्या वाळून जातात, बघणाऱ्याला वाटतं मेलं. पण तो टणक खोडवा जिवंत असतो आणि वळवाचा एक पाऊस झाला की त्यातून कोंब फुटतात. पानं बारीक, म्हणजे पाणी उडायला जागा कमी. पानांवरची चंदेरी लव ऊन परतवते आणि पानाला लागूनची ओल धरून ठेवते. जमिनीला चिकटून राहिल्यामुळे वारा लागत नाही. फूलही सकाळच्या गारव्यात उमलतं, बारक्या माशा येऊन जातात आणि ऊन चढायच्या आत त्याचं काम झालेलं असतं.

याचा अर्थ असा की या झाडाचा जीव मुळात आहे. आणि औषधात शंखपुष्पीचं पंचांग वापरतात, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं. म्हणजे प्रत्येक मात्रेसाठी एक आख्खं झाड उपटायचं. मुलाला दोन महिने रोज द्यायचं ठरवलं तर बांधावरची सगळी रोपं संपतील, आणि ती काही वर्षा-दीड वर्षाची नसतील, कितीतरी दुष्काळ काढलेली असतील. गावोगावी व्हिडिओ बघून लोक उपटायला लागले तर काय होईल, याची मला मनापासून काळजी वाटते. आमच्या गावच्या टेकडीवर पूर्वी श्रावणात निळा सडा पडायचा. रस्त्यालगतच्या बाजूला आता तो दिसत नाही.

बरं, मुलाचं.

मेधा म्हणजे फक्त पाठांतर नाही. चरकाने धी, धृती आणि स्मृती असे तीन भाग मानले आहेत: समजणं, मन आवरून धरणं आणि आठवणं. माझा अनुभव असा की शंखपुष्पी सगळ्यात आधी मधल्या भागावर काम करते. मन ज्याचं सैरभैर आहे, परीक्षेच्या भीतीने छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही आणि लागली तर वरवरची, अशा मुलांना दोन-तीन आठवड्यांत झोप बरी लागते आणि चिडचिड कमी होते. मग आठवणही सुधारते, कारण झोपलेल्या मुलाच्या डोक्यात वाचलेलं टिकतं. ज्याचं मन शांत आहे, झोप नीट आहे, पण अभ्यासच झालेला नाही, त्याला शंखपुष्पी देऊन मी कधी गुण वाढलेले पाहिले नाहीत.

संशोधनाचं म्हणाल तर उंदरांवर बरंच झालं आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली विष्णुक्रांतेवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात ताण दिलेल्या प्राण्यांवर आणि औषधाने स्मृती बिघडवलेल्या प्राण्यांवर तिचा चांगला परिणाम दिसला. पांढऱ्या शंखपुष्पीवरही असे प्रयोग आहेत. स्कोपोलेटिन नावाचं द्रव्य दोन्हींत सापडतं, त्यामुळे दोन्हींचे गुण काही अंशी जुळतात याचं मला नवल वाटत नाही. पण माणसांवरचे मोठे, नीट आखलेले अभ्यास फार थोडे आहेत. दहावीच्या मुलाचे टक्के वाढतात असं छातीठोक सांगणारा माणूस शास्त्राच्या किंवा ग्रंथाच्या, कुणाच्याच आधाराने बोलत नाही.

म्हणून वाटण करायच्या आधी हे बघा. मुलगा रात्री किती वाजता झोपतो आणि उशाशी मोबाईल असतो का? सकाळी काही खाऊन शाळेत जातो का? फळ्यावरचं नीट दिसतं का, की शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो? हिमोग्लोबिन तपासलं आहे का? माझ्याकडे ‘विसरतो’ म्हणून आणलेल्या मुलांत कितीतरी वेळा चष्मा, रक्त किंवा झोप यांतच गाठ सापडली आहे. एक मुलगी तर दोन बाटल्या सिरप संपवून आली होती. तिला फळाच दिसत नव्हता, आणि चष्मा लागल्यावर औषधाची गरजच उरली नाही. सिरपचा विषय निघालाच तर, त्यात साखर भरपूर असते. लेबल वाचा, आणि त्यात वनस्पतीचं शास्त्रीय नाव दिलंय का तेही बघा.

हे सगळं ठीक असेल आणि तरीही मूल घाबरं, अस्वस्थ, झोपेविना असेल, तर शंखपुष्पीचा विचार करायला हरकत नाही. औषधिकोशात मोठ्या माणसासाठी चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे, आणि ती पांढऱ्या फुलांच्या शंखपुष्पीची आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला किती, हे त्याचं वजन, पचन आणि कोठा बघून ठरतं. ते जवळच्या वैद्यांकडून समोर बसून ठरवा, मी इथून आकडा देणार नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तिला ‘सरा’ म्हटलं आहे, म्हणजे पोट सैल करणारी. हे अगदी खरं आहे. मात्रा वाढली की शौचाला पातळ होतं. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला त्याचा फायदाच होतो, पण ज्याचं पोट आधीच नाजूक आहे त्याला परीक्षेच्या तोंडावर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते नीट वाचा. घरात कुणाला फिट्स येत असतील आणि फेनिटॉइन नावाची गोळी चालू असेल, तर शंखपुष्पी कोणत्याही रूपात देऊ नका. मुंबईत दोन रुग्णांच्या आटोक्यात असलेल्या फिट्स शंखपुष्पीचं सिरप सुरू केल्यावर पुन्हा येऊ लागल्या. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी उंदरांवर तपासणी केली आणि १९९२ साली ती प्रसिद्ध झाली. काही दिवस दोन्ही एकत्र दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन कमी झालं होतं आणि गोळीचा असरही उतरला होता. आमच्या ग्रंथांत अपस्मारासाठी, म्हणजे फिट्सच्या आजारासाठी, शंखपुष्पी सांगितली आहे, त्यामुळे लोक तिला फिट्सवरचं औषध समजून गोळीच्या जोडीला देतात. घात इथेच होतो. मी प्रत्येक रुग्णाला विचारतो की घरात कुणाला फिट्स आहेत का, कारण बाटली फडताळात असली की ती कुणी एकटं घेत नाही.

झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, रक्तदाब कमी राहणाऱ्यांनी, थायरॉइडचं औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण हे घेतो असं सांगायचं. झाडपाला आहे म्हणून सांगायची गरज नाही, असं समजू नका.

विष्णुक्रांतेचे रानातले उपयोग आणखी आहेत. जुन्या तापात काढा देतात, केसांच्या तेलात टाकतात. केरळात ती दशपुष्पांपैकी एक मानली जाते, बायका ही दहा फुलं केसांत माळतात. दम्यासाठी वाळलेल्या पानांची विडी ओढायची, असाही एक प्रकार काही ठिकाणी आहे. तो करू नका. धुराने दमा वाढतो, मग तो कशाचाही धूर असो.

घ्यायचंच ठरलं आणि वैद्यांनी मात्रा दिली, तर रोप कुठलं घ्यायचं याकडे लक्ष द्या. तुमच्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत. बागेच्या बांधावरचं रोप अजिबात घेऊ नका, फवारणीचं सगळं तिथे उतरतं. तणनाशक मारलेल्या रानातलं नको, रस्त्याकडेचं नको, मेंढ्या बसवलेल्या जागेचं नको. झुडूप जमिनीला चिकटून वाढत असल्यामुळे लवीत बारीक मुरूम अडकलेला असतो. चार पाण्यांनी धुवा. शेवटच्या पाण्यात हात फिरवून तळाशी कचकच लागते का बघा, लागली तर अजून एकदा धुवा. मग पाट्यावर किंवा खलात अगदी मऊ वाटायचं, यालाच कल्क म्हणतात. मी तो कोमट दुधाबरोबर, सकाळी, जेवणाच्या बऱ्याच आधी देतो. चव तुरट-कडवट असते. वाळवायचं असेल तर सावलीत, पातळ पसरून, रोज हलवत. उन्हात वाळवलेलं पिवळं पडतं. बरणी कोरडी हवी, वर्षापेक्षा जुनं चूर्ण मी वापरत नाही.

आता अर्ध्या एकराचं. इथे मी जरा हात आखडता घ्यायला सांगेन.

औषधी मालाच्या बाजारात ‘शंखपुष्पी’ मागणारा कारखाना औषधिकोशातली, म्हणजे पांढऱ्या फुलांची मागतो. तुमच्या रानात आहे ती निळी. ती शंखपुष्पी म्हणून पाठवलीत तर तपासणीत माल परत येईल, आणि नाही आला तर कुणाची तरी फसवणूक होईल. विष्णुक्रांत म्हणून घेणारेही आहेत, दक्षिणेकडे जास्त, पण ते आधी शोधावे लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: पाव किलो वाळलेला नमुना, सोबत ओळखीचा कागद, तो घेऊन खरेदीदाराशी बोलणं, आणि त्यानंतर पेरणी. आधी पेरून मग गिऱ्हाईक शोधणारे औषधी वनस्पतींत फार लोक पस्तावलेत. सफेद मुसळी आणि कोरफडीच्या वेळी आपल्याच भागात हे झालं आहे.

लागवड अवघड नाही, पण तिच्या स्वभावाविरुद्ध गेलात तर ती मरते. पहिल्या वर्षी मी बांधावरची चाळीसएक रोपं उपटून आणली, चांगल्या काळ्या मातीत लावली आणि मायेने रोज पाणी घातलं. महिनाभरात सगळी कुजली. सोटमूळ तुटलं की ती पुन्हा धरत नाही, आणि मुळाशी ओल साचलेली तिला सोसत नाही. तेव्हा रोप हलवायचं नाही, बी जागेवरच पेरायचं. बी कातीक-मार्गेसरात पक्व होतं. बोंड सुकून उकलायच्या आत काढावं लागतं, नाहीतर सगळं सांडतं. या कुळातल्या बियांचं टरफल कडक असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून तशीच पेरली तर थोडीच उगवतात. मी बारीक पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये हलक्या हाताने घासतो आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवतो. सकाळी जी फुगलेली दिसतात ती पेरायची, जी तशीच राहिली ती पुन्हा घासायची. बारीक वाळूत मिसळून, मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, फूटभर अंतराने ओळीत टाकायची आणि वरून जेमतेम माती लोटायची. खोल गाडली तर वर येत नाहीत.

खरा खर्च तणाचा आहे. पहिले तीन महिने रोप इतकं बारीक असतं की गवत आणि गाजरगवत त्याला सहज झाकून टाकतात. खुरपणी हातानेच करावी लागते, आणि खुरपणारीला रोप ओळखता यायला हवं. पाणी मी फक्त पावसाने लांबच लांब ताण दिला तरच देतो. पाण्यावर वाढवलेली विष्णुक्रांत लुसलुशीत दिसते, पण वाळल्यावर वजन फार घटतं आणि चवीला फिकी लागते. मुरमावर ताण सोसून आलेली चवीला तेज असते. मला औषधाला तीच आवडते.

पहिल्या वर्षी काढणी नाही. दुसऱ्या वर्षी भाद्रपद-आश्विनात, फुलं भरात असताना. मी एक ओळ मुळासकट काढतो आणि शेजारची बियांसाठी सोडतो, पुढच्या वर्षी उलट. यामुळे उत्पन्न निम्मं होतं हे खरं, पण नवं बी विकत आणावं लागत नाही आणि रान मोकळं पडत नाही. तुमच्या अर्ध्या एकरातले दोनच गुंठे आधी यात घाला. बाकीच्या रानाचा निर्णय दोन काढण्या झाल्यावर घ्या.

तुम्ही लिहिलंत की सध्या फुलं आहेत. मग उद्या सकाळी आठ-नऊच्या दरम्यान एक फूल तोडून भिंगाखाली धरा आणि मुलालाच तंतू मोजायला सांगा. चार आहेत की दोन, ते कळवा. सोबत पानाचा एक स्पष्ट फोटो टाका, आणि मुलगा रात्री किती वाजता झोपतो तेही लिहा. बांधावरची रोपं तोवर आहेत तिथेच राहू द्या.